चार प्रश्नावल्या आणि एक कोपर

दुखणं ही माणसाची खाजगी बाब असली, तरी दुखण्याचं प्रमाण ही सार्वजनिक बाब आहे. ज्या दुखण्याला आकडा नाही त्याला सुधारलेल्या समाजात कुरकुर म्हणतात. आपले पूर्वज या बाबतीत फारच मागासलेले होते. एखाद्याचा खांदा दुखला तर ते त्याला सरळ ‘हात वर कर बघू’ म्हणायचे. हात वर गेला नाही की खांदा बिघडलाय असं धरून चालायचे, आणि वर हातच्या काकणाला आरसा कशाला, असंही सुनवायचे. या पद्धतीत रुग्णाच्या मताला काडीची किंमत नव्हती. शिवाय सगळं अर्ध्या मिनिटात उरकायचं, त्यामुळे कागदपत्रं तयार व्हायला मुळी वावच नव्हता.

शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या खांदा विभागानं ही उणीव कशी भरून काढली आणि त्यात कात्रीमास्तरांचा वाटा किती मोलाचा ठरला, हे नोंदवून ठेवणं आम्हाला आवश्यक वाटतं.

कात्रीमास्तर म्हणजे बाजाराच्या मागच्या गल्लीतले सलूनवाले. दोन खुर्च्या, एक लांब आरसा, भिंतीला टेकवलेलं बाकडं आणि त्यावर परवाचं वर्तमानपत्र. एकतीस वर्षं त्या आरशासमोर उभं राहून मास्तर लोकांची डोकी ताळ्यावर आणत होते. त्यांचं स्वतःचं डोकं पस्तिशीतच मोकळं झालं होतं. याचा संबंध पुढे येणार असल्यामुळे इथे सांगून ठेवतो. एका डोक्याला वीस मिनिटं लागतात. त्यातली चौदा मिनिटं उजवं कोपर खांद्याच्या उंचीवर असतं. दिवसाला पंधरा डोकी धरली आणि सुट्ट्या वजा केल्या, तर एकतीस वर्षांत मास्तरांचा हात अंदाजे चार वर्षं हवेत होता. हात वर करून उभं राहायची इतकी लांब शिक्षा शाळेतसुद्धा कुणाला झालेली नाही. (झाली असल्यास पुराव्यासह कळवावं.)

एके दिवशी तो हात छातीपर्यंत आला आणि तिथेच थांबला. पुढे जायचं नाव घेईना. मास्तरांनी तेल चोळलं, शेक दिला, समोरच्या घड्याळवाल्यानं सांगितलेला उपायही केला, आणि शेवटी इस्पितळाची पायरी चढले. तिथल्या एका धाकट्या डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला, यंत्रात घालून फोटो काढला आणि म्हणाले, “आतली दोरी उसवलीय. शिवली की हात वर जाईल. नंबर लावून टाका.”

(या डॉक्टरांची पुढच्याच आठवड्यात गुडघा विभागात बदली झाली. खांद्याला हात लावायची घाई त्यांना नडली, असं म्हणतात.)

मास्तरांच्या दृष्टीनं मामला साधा होता. हात वर गेला तर सलून, नाही गेला तर दुकानाला कुलूप. दुसरं कुठलंच काम त्यांना येत नव्हतं, आणि दुसरा कारागीर ठेवावा इतकी डोकी त्या गल्लीत नव्हती. रात्रंदिवस त्यांच्या मनात एवढी एकच गोष्ट होती. म्हणून ते तडक नंबर लावायच्या खिडकीपाशी गेले, आणि तिथेच घोडं पेंड खाऊ लागलं.

नंबर लागायचा तर खांदा किती वाईट आहे ते मोजायला हवं. मोजायचं तर रुग्णाला विचारायला हवं. आणि विचारायचं कसं, याबद्दल विद्वानांत एकमत नव्हतं. खांद्याच्या रुग्णाला विचारायच्या चार प्रश्नावल्या प्रचलित होत्या आणि चारही थोर माणसांनी केल्या होत्या. त्यातली सरस कुठली हे ठरवण्यासाठी विभागाचे प्रमुख, म्हणजे मोठे डॉक्टर, यांनी एक तुलना समिती नेमली होती. समितीचं काम दोन वर्षं चालायचं होतं. तोवर खांद्यांना शक्यतो हात लावायचा नाही असं ठरलं, कारण हात लावला की खांदा बदलतो, आणि मग तुलना कशाची करायची? मात्र समितीला मन होतं. चारपैकी तीन प्रश्नावल्यांत ज्याचे गुण चाळिसाच्या खाली जातील त्याचं ऑपरेशन करावं, अशी दयाळू तरतूद तिनं ठेवली होती.

प्रश्नावल्या रंगावरून ओळखायच्या. पिवळीत तीस प्रश्न, बहुतेक घरातले: बादली उचलता येते का, बरणीचं झाकण उघडता येतं का, शर्ट घालता येतो का. हिरवीत बारा, दुखणं आणि झोप यांवर. निळीत एकवीस, कामधंद्यावर. पांढरीत एकच प्रश्न होता आणि तोच सगळ्यांत अवघड होता, तो पुढे येईल. याखेरीज एक गुलाबी कागद होता. त्यावर या चार प्रश्नावल्या भरताना त्रास झाला का, हे विचारणारे नऊ प्रश्न होते. एकूण त्र्याहत्तर.

सुरुवातीला जरा गोंधळ झाला होता, तोही लपवण्याचं कारण नाही. पिवळीत शून्य म्हणजे ठणठणीत, तर हिरवीत शून्य म्हणजे कामातून गेलेला, असं मूळचंच होतं. समितीनं दोन्हींची सरासरी काढली तेव्हा शहरातल्या यच्चयावत खांद्यांना बरोबर पन्नास गुण पडले. समितीला हा निष्कर्ष मनापासून आवडला होता. पण हिशेबनीसानं खोडा घातल्यामुळे पुढे सर्वत्र शंभर म्हणजे ठणठणीत असं ठरवावं लागलं.

पहिल्या खेपेला मास्तरांबरोबर त्यांची बायको होती. मास्तरांनी हात गळ्यात अडकवलेला, म्हणून इस्पितळाचे दोन्ही जिने फाईल, पाण्याची बाटली, डबा आणि मास्तरांचा स्वेटर अशी भरलेली पिशवी तीच घेऊन चढली. दुसऱ्या जिन्यावर थांबून तिनं पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली. मास्तर तेव्हा भिंतीवरचा खांद्याचा तक्ता बघत होते.

प्रश्नावल्यांची जबाबदारी एका हसतमुख मुलीवर होती. तिला सगळे प्रश्नावलीताई म्हणत. प्रश्न ती मोठ्यानं वाचायची आणि खुणाही तीच करायची. (खांद्याच्या रुग्णांना लिहिताना त्रास होतो, हे समितीच्या लक्षात पहिल्या चाळीस रुग्णांनंतर आलं.)

“केस विंचरता येतात का?” ताईनं विचारलं.

“कुणाचे?” मास्तर म्हणाले.

“तुमचे.”

मास्तरांनी टोपी काढली. ताईनं त्या मोकळ्या मैदानाकडे क्षणभर बघितलं आणि ‘अडचण नाही’ या चौकोनात खूण केली. दुसऱ्यांचे केस विंचरता येत नाहीत, आणि पोट त्यावरच आहे, असं मास्तर म्हणाले. पण दुसऱ्यांच्या केसांबद्दल प्रश्नावलीत काही नव्हतं. पुढे चेंडू लांब फेकता येतो का, असं होतं. मास्तरांनी शेवटचा चेंडू इयत्ता पाचवीत फेकला होता. गेल्या आठवड्यात फेकायचा प्रयत्न केला नाही म्हणजे अडचणही आली नाही, असा ताईनं सरळ हिशेब केला. तो खोडून काढावा असं काही मास्तरांना सापडलं नाही.

खरा घात निळीनं केला. “खांद्याच्या उंचीवर हात ठेवून आपलं रोजचं काम करता येतं का?” हा प्रश्न ताईनं खणखणीत आवाजात वाचला, आणि पलीकडच्या खुर्चीतलं वर्तमानपत्र खाली आलं. वर्तमानपत्रामागे चष्म्याच्या दुकानाचे मालक होते. स्वतःचा खांदा दाखवायला आले होते, आणि दर तिसऱ्या रविवारी मास्तरांच्या खुर्चीत बसत होते. मास्तरांनी चष्मेवाल्यांकडे पाहिलं. चष्मेवाल्यांनी मास्तरांच्या गळ्यातल्या हाताकडे पाहिलं.

“येतं की,” मास्तर म्हणाले. “न यायला काय झालं?”

गिऱ्हाइकासमोर ‘हात चालत नाही’ म्हणणारा सलूनवाला अजून जन्माला यायचाय. बायकोनं त्यांना हळूच कोपरखळी मारली, पण ती मारली उजव्या बाजूनं, त्यामुळे पुढचे तीन प्रश्न मास्तरांना नीट ऐकूच आले नाहीत.

मग पांढरी आली. प्रश्न एवढाच: एकंदरीत तुमचा खांदा कसा आहे?

“बरं आहे,” मास्तर म्हणाले.

यात मास्तरांचा दोष नाही. कसं आहे असं विचारल्यावर बरं आहे असं म्हणायची आपल्याला लहानपणापासून सवय असते. तिरडीवरून उठून बसता आलं तर तिथूनही माणूस हेच म्हणेल. समितीनं या उत्तरांचा अभ्यास करून एक कोष्टकच केलं होतं. ‘बरं आहे’ म्हणजे ऐंशी. ‘ठीक’ म्हणजे सत्तर. ‘चाललंय’ म्हणजे साठ. ‘आता काय सांगायचं’ म्हणजे पन्नास. ‘विचारू नका’ म्हणणाऱ्याला प्रश्नावलीस नकार दिला असं समजून अभ्यासातून वगळायचं होतं.

पिवळीत अडतीस, हिरवीत छत्तीस, निळीत बावन्न, पांढरीत ऐंशी. चारपैकी दोनच चाळिसाच्या खाली. एक कमी पडली. मास्तरांचं नाव ऑपरेशनच्या यादीच्या शेवटच्या पानावर टाकून, तीन महिन्यांनी या, असं सांगून ताईनं गुलाबी कागद पुढे केला आणि प्रश्नांचा त्रास झाला का, असं विचारलं. मास्तर म्हणाले, नाही.

तीन महिने हात वर न करता कसे काढायचे, हा प्रश्न कुठल्याच रंगाच्या कागदावर नव्हता. त्याचं उत्तर दुकानात आपोआप मिळालं. एका दुपारी मास्तर खुर्चीतल्या माणसाचं डोकं डावीकडून पूर्ण आणि उजवीकडून अर्धं करून अडकले. हात वर जाईना. माणूस आरशात स्वतःकडे बघून घाबरला होता. एवढ्यात बायको डबा घेऊन आली. तिनं एकदा खुर्चीकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे पाहिलं, डबा बाकड्यावर ठेवला आणि मागे उभं राहून मास्तरांचं कोपर तळहातावर तोलून धरलं. हात वर गेला. कात्री चालू लागली. डोकं पुरं झालं.

दुसऱ्या दिवशी डबा जरा लवकर आला. त्यानंतर डब्याची वेळ सकाळी नऊ ही झाली.

गल्लीतली माणसं चार दिवस हसली आणि मग त्यांच्या अंगवळणी पडलं. मास्तर एक पाऊल डावीकडे सरकले की बायको एक पाऊल सरकायची. कानामागे कात्री न्यायची असेल तर ते नुसतं ‘हं’ म्हणायचे आणि कोपर दोन बोटं वर जायचं. एकतीस वर्षांच्या संसारात दोघांचं इतकं कधी जमलं नव्हतं, असं मास्तर गिऱ्हाइकांना सांगत आणि ते खरंही होतं. महिन्याभरानं ती उजव्याऐवजी डाव्या हातानं कोपर धरू लागली. उजवा जरा अवघडलाय, म्हणाली. मास्तर म्हणाले, डाव्यानंही छान जमतंय तुला.

घरी तर काहीच प्रश्न उरला नाही. शर्टाची बाही बायको धरून ठेवायची, मास्तर आत हात सारायचे. बादली ती उचलायची. बरणी ती उघडायची. झोपेतही उजव्या कुशीवर वळायची मास्तरांना सवय, म्हणून तिनं आपली जागा बदलून त्या बाजूला लोड घातला. आता ती स्वतः पाठीवर झोपायची, कारण कुठल्याच कुशीवर जमत नाही म्हणाली. वय झालं आपलं, मास्तर म्हणाले.

तीन महिन्यांनी मास्तर मनाशी ठरवून गेले होते: या खेपेला चष्मेवाले असोत की त्यांचे तीर्थरूप, खरं तेच सांगायचं. त्यांनी तसंच केलं.

“शर्ट घालता येतो का?”

“येतो. म्हणजे ही बाही धरते ना, मग—”

“‘ही’ नको,” ताई म्हणाली. “प्रश्न तुमच्याबद्दल आहे. गेल्या आठवड्यात शर्ट घालताना अडचण आली?”

मास्तरांनी विचार केला. “आली नाही. पण ती का आली नाही, तर—”

“का आली नाही त्याला रकाना नाही, मास्तर.”

बादली? अडचण नाही. झोप? छान लागते. खांद्याच्या उंचीवर हात ठेवून काम? दिवसाला पंधरा डोकी. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. ताईनं भराभर खुणा केल्या. पिवळीत एकसष्ट, हिरवीत चौसष्ट, निळीत सत्तर. पांढरीत ऐंशी, कारण कसं आहे म्हटल्यावर ते बरं आहे म्हणाले. बायको बाहेर बाकावर बसली होती; आतल्या खोलीत रुग्णाखेरीज कुणी नको, असा नवा नियम झाला होता. नातेवाईक मधे बोलतात आणि उत्तरं बिघडतात, असं समितीला आढळलं होतं.

खांदा होता तिथेच होता. उलट दोरी आणखी उसवली असणार, पण ते बघायचं कुणाचं काम नव्हतं.

पुढच्या तीन महिन्यांत सांगण्यासारखं एवढंच घडलं, की मास्तरांच्या बायकोनं केस कापले. कमरेपर्यंतचे केस होते. लग्नात मास्तरांच्या आईनं सुनेत काय पाहिलं, तर ते केस. एका रविवारी दुपारी ती दुकानात खाली स्टुलावर बसली आणि म्हणाली, “अहो, मानेपर्यंत करून टाका.” मास्तर चकित झाले. ती म्हणाली, अंबाडा घालायचा कंटाळा येतो, आणि गरमही होतं. स्टूल बुटकं असल्यामुळे मास्तरांना कोपर उचलावं लागलं नाही, त्यामुळे कुणाच्या मदतीशिवाय त्या तीन महिन्यांत त्यांनी केलेलं ते एकमेव डोकं. काम फार सफाईदार झालं. त्यांनी तिला दोन्ही बाजूंनी आरसा दाखवला आणि दहा वर्षांनी लहान दिसतेस म्हणाले. ती हसली.

तिसऱ्या खेपेला पिवळीत अठ्ठ्याऐंशी, हिरवीत एक्याण्णव, निळीत त्र्याण्णव गुण आले. ताईनं टाळी वाजवली आणि मास्तरांचं नाव ऑपरेशनच्या यादीतून लाल शाईनं खोडलं. मास्तर जिना उतरू लागले. यादीत आपलं नाव आहे, या एका गोष्टीवर ते सहा महिने तग धरून होते. बायको म्हणाली, जाऊ द्या, मी आहे की.

इकडे समितीत आनंदाचं वातावरण होतं. एकशे सतरा रुग्णांपैकी ब्याण्णव जण कुठलाही उपचार न करता सुधारले होते. आलेख सारा चढता. नुसते प्रश्न विचारल्यानं खांदा बरा होतो, असा त्याचा एकच अर्थ निघत होता, आणि मोठ्या डॉक्टरांनी तो काढला. बारकाईनं पाहता आणखी काही गोष्टी हाती लागल्या. लग्न झालेले पुरुष सर्वांत जास्त सुधारले होते. लग्न झालेल्या बायका अजिबात सुधारल्या नव्हत्या. याचं कारण हवामानात शोधलं जात होतं. एकटे राहणारे अकरा रुग्ण तर जास्तच बिघडले होते. त्यांच्याबद्दल अहवालात लिहिलं होतं की एकटी माणसं मुळातच तक्रारखोर असतात.

या यशाची सभा इस्पितळाच्या मोठ्या दालनात भरली. बाहेरगावचे पाहुणे आले होते. सर्वांत जास्त गुण मिळवणारा खांदा म्हणून कात्रीमास्तरांना व्यासपीठावर बोलावलं होतं. मागे पडद्यावर त्यांच्या खांद्याचा आलेख होता. मोठ्या डॉक्टरांनी चाळीस मिनिटं आलेख समजावून सांगितला. मग एका पाहुण्यानं, तो जुन्या वळणाचा असावा, मागच्या रांगेतून विचारलं की यांना एकदा हात वर करायला सांगता का?

सभेत कुजबुज झाली. सहा महिन्यांत मास्तरांना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्र्याहत्तर प्रश्नांत तो प्रश्न नव्हता.

“करा मास्तर,” मोठे डॉक्टर हसून म्हणाले.

मास्तरांनी छातीपर्यंत हात आणला. तिथे तो थांबला. मग त्यांनी सवयीनं तिसऱ्या रांगेकडे बघून ‘हं’ केलं, आणि बायको सवयीनं उठली, पायऱ्या चढून आली आणि मागे उभी राहिली. तिनं डावा तळहात कोपराखाली धरला. हात हलला नाही. तिनं उजवा लावला. तोही वर जाईना. तिनं दात आवळले, दोन्ही हात एकत्र लावले, आणि तिच्या घशातून बारीकसा आवाज आला. मास्तरांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. रोज दहा तास ती त्यांच्या पाठीमागे उभी असायची, त्यामुळे तिचा चेहरा त्यांनी कित्येक महिन्यांत असा जवळून पाहिला नव्हता. तो घामानं डबडबला होता आणि पांढरा पडला होता. मानेपर्यंत कापलेले केस कपाळाला चिकटले होते.

तेव्हा कुठे मास्तरांना त्या केसांचं कारण कळलं. अंबाडा घालायला हात डोक्याच्या मागे न्यावा लागतो. आयुष्यभर त्यांनी डोकी बघितली होती आणि घरातलं एक डोकं स्वतःच्या हातानं कापूनही त्यांना ते कळलं नव्हतं. त्यांना भयंकर लाज वाटली. भर सभेत जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

“साहेब,” ते म्हणाले, “माझा हात कधी वर गेलाच नव्हता. जात होता तो हिचा हात होता. आता तोही गेला.”

पण मोठे डॉक्टर लेचेपेचे नव्हते. रुग्णाची परिस्थिती बदलली असेल तर प्रश्नावल्या ताबडतोब पुन्हा भरून घ्याव्यात, असा आदेश त्यांनी तिथल्या तिथे दिला. ताई चार रंगांचे कागद घेऊन धावत आली. शर्ट घालता येतो का? आजपासून नाही. बादली? नाही. काम? नाही. पिवळीत बावीस, हिरवीत एकोणीस, निळीत अकरा. खांदा सकाळी होता तसाच होता, पण चारपैकी तीन प्रश्नावल्यांत तो चाळिसाच्या खाली आला होता. ताईनं आनंदानं मास्तरांचं नाव ऑपरेशनच्या यादीत पुन्हा घातलं, आणि तेही पहिल्या पानावर. ज्यासाठी मास्तरांनी इतके दिवस देव पाण्यात घातले होते ते असं पाच मिनिटांत मिळालं. समितीनं अहवालात एका वाक्याची भर घातली: प्रश्नावल्या अत्यंत संवेदनशील असून खांद्यात काहीच फरक नसतानाही त्यांना फरक कळतो.

मास्तर यादीकडे बघत नव्हते. “माझं राहू द्या,” ते ताईला म्हणाले, “आधी हिला विचारा.”

ताईला ते पटलं. चांगली मुलगी होती ती. तिनं पांढरा कागद पुढे ओढला, लेखणी सरसावली आणि मास्तरांच्या बायकोला विचारलं, “काकू, एकंदरीत तुमचा खांदा कसा आहे?”

“बरं आहे,” काकू म्हणाल्या.

ताईनं ऐंशी लिहिले. खोटं बोलतेय ती, असं मास्तर ओरडून म्हणाले. पण रुग्णाच्या वतीनं नातेवाइकांनी उत्तर द्यायचं नाही, हा नियम त्यांनाही माहीत होता. जिना उतरताना त्यांनी पिशवी तिच्या खांद्यावरून काढून आपल्या डाव्या खांद्यावर घेतली. तिनं घेऊ दिली. असं तिनं याआधी कधी केलं नव्हतं, आणि त्यामुळेच मास्तर जास्त घाबरले.

हकिगत इथे संपली. आता वाचकांसाठी एक छोटीशी प्रश्नावली, दोनच प्रश्नांची. मास्तरांच्या बायकोचा खांदा दुखतोय हे आम्ही सभेच्या आधी चार ठिकाणी लिहिलं होतं: जिन्यावर, दुकानात, अंथरुणावर आणि स्टुलावर. तुम्हाला ते तेव्हाच दिसलं, की अठ्ठ्याऐंशी, एक्याण्णव, त्र्याण्णव मोजता मोजता राहून गेलं? योग्य त्या चौकोनात खूण करावी. दुसरा प्रश्न: एवढी लांब हकिगत एका जागी बसून वाचताना तुम्हाला काही अडचण आली का? आली नसेल, तर ‘अडचण नाही’ असं लिहावं. तुम्ही वाचत होतात तेवढ्या वेळात घरातली बादली कोण उचलत होतं, त्याला रकाना नाही.